पलटणीचा शिलेदार

घोडा स्वतःच्या घरचा असेल तो शिलेदार आणि घोडा सरकारी पागेतला असेल तो बारगीर. मराठी फौजेतला हा भेद आपण शाळेत शिकतो आणि विसरतोही. पण तो नुसता घोड्याच्या मालकीचा भेद नव्हता. बारगिराचा घोडा रणात पडला तर पागेतून दुसरा मिळे. शिलेदाराचा घोडा पडला की त्याची चाकरीच पडली, म्हणून तो शत्रूवर तुटून पडताना एक डोळा घोड्यावर ठेवी. त्याचा पगार, त्याची अब्रू आणि घरच्यांचे पोट त्या चार पायांवर उभे असे.

आता असा शिलेदार डोळ्यांपुढे आणा, ज्याच्या मालकीचा एक घोडा नाही, तर पाचपाचशे शिपायांच्या तीन पलटणी आहेत. बंदुका त्याच्या, तोफा त्याच्या, ओझी वाहणारे हत्ती त्याचे. आज हा दरबार, उद्या तो दरबार असे करत हा सगळा लवाजमा तो कराराने चाकरीला लावतो. आणि हा माणूस ना खानदेशातला, ना माळव्यातला, ना फ्रान्समधला. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स प्रांतातले न्यूबरीपोर्ट हे त्याचे गाव. नाव जॉन पार्कर बॉइड. पुढे हाच माणूस अमेरिकेच्या फौजेत ब्रिगेडियर जनरल झाला, इंग्रजांशी लढला, आणि अमेरिकेच्या लष्करी इतिहासात त्याचे नाव बऱ्यावाईट कारणांनी कायमचे राहिले.

नगरकरांना अमेरिकन म्हटले की मिशन आठवते, आणि ते बरोबरच आहे. १८३१ च्या डिसेंबरात अमेरिकन मराठी मिशनचे लोक नगरला आले. फरारबाईंच्या मुलींच्या शाळेने जोतीराव फुल्यांच्या मनावर केलेला परिणाम सर्वांना ठाऊक आहे. ज्या बोस्टनच्या संस्थेने ही माणसे धाडली, तिच्या संस्थापकांपैकी एक, सॅम्युएल स्प्रिंग, हे न्यूबरीपोर्टचेच पाद्री. एका छोट्या बंदरगावाचे आपल्या मुलखाशी दोन वेळा नाते जडले. पाटी-पुस्तकाचे नाते आपण जपले. त्याआधी चाळीस वर्षे आलेले बंदुकीचे नाते मात्र कोणाच्या बोलण्यात येत नाही.

बॉइडचा जन्म २१ डिसेंबर १७६४ चा. अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध सुरू झाले तेव्हा तो अकरा वर्षांचाही नव्हता, आणि लढण्याजोगा झाला तोवर ते संपले होते. वडीलधाऱ्यांच्या तोंडून लढाया ऐकत वाढलेल्या मुलाच्या वाट्याला रिकामे मैदान आले. नव्या राष्ट्राला मोठ्या खड्या फौजेची भीती वाटे. राजाची फौज हाकलून दिलेल्या लोकांना आपलीही फौज नकोशीच होती, त्यामुळे सारे लष्कर मोजून काही शेकड्यांचे. १७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये कर्जबाजारी शेतकऱ्यांचा उठाव झाला, थोडी भरती निघाली आणि बॉइड एन्साइन झाला, म्हणजे अधिकाऱ्यांच्या जिन्याची सर्वांत खालची पायरी. तिथून वर जायला वाटच दिसेना. १७८९ मध्ये त्याने नोकरी सोडली आणि हिंदुस्थानची वाट धरली.

१७९० च्या जूनमध्ये मद्रासहून वडिलांना लिहिलेल्या पत्रात तो आपली कथा सांगतो. शिफारसपत्रे मिळवून साडेचारशे मैलांवरचे हैदराबाद गाठले, तिथल्या इंग्रज वकिलाने निजाम अली खानापुढे रीतसर उभे केले, आणि मुलाखत आटोपताच प्रत्येकी पाचशे शिपायांच्या दोन तुकड्या हाती आल्या. पंचवीस वर्षांचा मुलगा, भाषेचा गंध नाही, मायदेशात एन्साइनच्या पुढे फारसा सरकला नाही, आणि इथे एका भेटीत हजार माणसांचा सरदार! निजामाची फौज तेव्हा टिपूवर निघाली होती. दीड लाख पायदळ, साठ हजार घोडेस्वार, पाचशे हत्ती आणि प्रत्येक हत्तीच्या अंबारीत एकेक नबाब, असे तिचे वर्णन तो घरी कळवतो. हे आकडे शिरगणतीचे नव्हेत, डोळे दिपलेल्या तरुणाचे आहेत. पण मला तेच आवडतात. ज्या देशात सगळे लष्कर एका जत्रेत मावले असते, तिथून आलेल्या माणसाने दक्षिणेतल्या छावणीची धूळ पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्याला काय वाटले असेल, ते या आकड्यांतून कळते.

पण निजामाला त्याची गरज का पडावी? त्या काळची बंदूक तोंडाने ठासायची. दारू ओतायची, गोळी सारायची, गजाने दाबायची, कानावर दारू घालायची, मग चाप. सरावलेला शिपाई मिनिटात दोन, फार तर तीन बार काढी. नेम असा नव्हताच. शंभर पावलांपलीकडे गोळी कुठे जाईल ते तिलाच ठाऊक. एकट्या माणसाच्या हातात ही बंदूक म्हणजे आवाज करणारी काठी. पण पाचशे माणसे खांद्याला खांदा लावून रांगेत उभी केली, एका हुकमावर एकदम बार काढला आणि पहिली रांग ठासत असताना दुसरी बार काढते असे केले, की समोर शिशाची भिंत उभी राहते. दौडत येणारे घोडदळ त्या भिंतीवर फुटते. यातले शस्त्र खरे म्हणजे कवायत आहे. ताशाच्या ठेक्यावर पाय टाकणे, शेजारचा पडला तरी जागा न सोडणे, हुकमाआधी चापाला बोट न लावणे. पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या पलटणींनी हे दाखवून दिले होते. पुढे महादजी शिंद्यांनी द बॉयनकडून कंपू उभे करवले, निजामाकडे रेमंड हा फ्रेंच सरदार आला. ज्याच्या हाताशी ही कवायत असेल त्याला दरबारांची दारे उघडी होती, मग तो फ्रेंच असो, आयरिश असो वा अमेरिकन. निदान निजामाच्या दरबारात बॉइडला हा दरवाजा एका भेटीत उघडला.

आणि मग आले खर्डे.

जामखेड तालुक्यातले हे गाव. निजामाचे सरदार सुलतानराव निंबाळकर यांनी बांधलेला चौकोनी किल्ला अजून उभा आहे. याच तालुक्यातले चोंडी हे अहिल्याबाईंचे जन्मगाव, आणि खर्ड्याची लढाई झाली त्याच वर्षी, १७९५ च्या ऑगस्टमध्ये, अहिल्याबाई गेल्या. चौथाईच्या थकबाकीवरून पुणे आणि हैदराबाद यांचे बिनसले होते. मराठ्यांकडे सव्वा लाखाच्या वर फौज होती. सवाई माधवराव स्वतः छावणीत, सूत्रे नाना फडणविसांची, सेनापती परशुरामभाऊ पटवर्धन, आणि शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले अशी सगळी घराणी एका झेंड्याखाली. पुन्हा कधी ती अशी एकत्र आली नाहीत. समोर निजामाची लाखभर फौज आणि तिच्यात रेमंडचे अकरा हजार कवायती शिपाई. ११ मार्च १७९५.

दिवसा रेमंडच्या पलटणी हटल्या नाहीत. शिंद्यांच्या बाजूने पेरों त्यांच्या समोर होता, म्हणजे निजामाचा फ्रेंच आणि शिंद्यांचा फ्रेंच नगरच्या माळावर एकमेकांवर तोफा डागत होते. पण निजामाच्या छावणीत जनानखाना होता. तोफांच्या धडाक्याने बेगम घाबरल्या, आणि रेमंडला मागे हटण्याचा हुकूम सुटला. रात्री घोड्यांना पाणी पाजायला ओढ्यावर गेलेली मराठ्यांची एक छोटी टोळी निजामाच्या लोकांच्या नजरेस पडली. तिकडून बार झाले, रेमंडच्या पहारेकऱ्यांनी बार काढले, मग अंधारात साऱ्या फौजेने बार काढले, आणि कोण कोणावर झाडतो आहे हे कळण्याआधी पळापळ सुरू झाली. निजाम खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला आणि तिथेच कोंडला गेला. एवढ्या प्रचंड फौजा, पण प्रत्यक्ष लढाईत पडलेली माणसे फार थोडी. तह झाला तो मात्र जबर होता. तीन कोटी रुपये, दौलताबादचा किल्ला, पस्तीस लाख उत्पन्नाचा मुलूख, आणि दिवाण मुशीरुल्मुल्क मराठ्यांच्या हवाली.

ही लढाई आपण मराठ्यांचा शेवटचा मोठा विजय म्हणून वाचतो. बॉइडसारख्यांच्या बाजूने ती वाचली तर वेगळीच दिसते. इंग्रज तटस्थ राहिले म्हणून निजाम चिडला, त्याने इंग्रजांच्या पलटणी परत पाठवल्या आणि रेमंडला वाढवायला घेतले. फ्रेंचांची फौज हैदराबादेत मोठी होते आहे हे पाहून इंग्रजांच्या पोटात गोळा आला. कारण युरोपात इंग्लंड आणि फ्रान्स यांचे युद्ध पेटलेले होते. मग रेमंडवर वजन ठेवायला फ्रेंच नसलेले सरदार निजामाच्या दरबारी असावेत, असे इंग्रजांना वाटू लागले. त्यांत फिंगलास हा एक होता आणि दुसरा बॉइड. बॉइडचा मोठा गुण आता कवायत हा नव्हता. तो फ्रेंच नव्हता, हाच त्याचा गुण! पॅरिसमधली क्रांती, लंडनची काळजी आणि खर्ड्याच्या ओढ्यावर पाणी प्यायला गेलेली चार घोडी, या सगळ्यांनी मिळून न्यूबरीपोर्टच्या एका माणसाच्या पलटणीचा भाव ठरवला. अठराव्या शतकातले जग किती घट्ट विणलेले होते, हे मला याहून चांगले कशातच दिसलेले नाही.

खर्ड्यानंतर सात महिने झाले आणि सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या सज्जातून पडून गेले. पुढचे वर्ष म्हणजे पुण्याच्या कारस्थानांचा कळस. चिमाजी आप्पाला गादीवर बसवले, नाना पळून महाडला गेले, आणि तिथे बसून त्यांनी उलटा डाव मांडला. १७९६ मध्ये बॉइड निजामाकडून निघून पुण्यात पेशव्यांच्या चाकरीत आलेला होता. आयरिश क्रांतिकारक वुल्फ टोन याचा भाऊ विल्यम टोन हाही पेशव्यांच्या पायदळात होता, आणि मराठी फौज व रीतिरिवाज यांवर त्याने लिहून ठेवलेला मजकूर आजही अभ्यासक काढून वाचतात. त्या ऑक्टोबरात नानांच्या बेताप्रमाणे सगळी प्यादी हलू लागली तेव्हा पेशव्यांच्या कवायती पलटणी घेऊन बॉइड नीरेच्या पुलावर गेला. सातारा-पुणे रस्त्यावरून आपण नीरा ओलांडतो, तो प्रदेश. डिसेंबरात दुसरा बाजीराव गादीवर बसला. निजामाचे पाठबळ मिळवायला नानांनी खर्ड्याच्या तहातले बरेचसे सोडून दिले होते, आणि खर्ड्याच्या तहाने कैद झालेला मुशीरुल्मुल्क आता त्याच डावातला भागीदार होता. नीरेवर उभ्या असलेल्या अमेरिकन सरदाराला यातले किती कळत असेल? मला वाटते, बरेच कळत असावे. हैदराबाद आणि पुणे या दोन्ही दरबारांचे मीठ त्याने खाल्ले होते.

इथे त्याच्या धंद्याचा हिशेब नीट पाहायला हवा. पलटण मालकीची असली की तिचा प्रत्येक शिपाई हा रोजचा खर्च. दरबाराकडून पैसा महिन्याच्या महिन्याला आला तर ठीक. पण पेशवाईच्या शेवटच्या पर्वात पगार वेळेवर हे जवळजवळ स्वप्न होते. तनखा थकला की शिपाई सरदाराच्या दारात धरणे धरून बसत. ते त्याला जेवू देत नसत आणि स्वतःही जेवत नसत. म्हणजे फौजेच्या मालकाला शत्रूइतकीच आपल्या फौजेची भीती. लढाई जिंकून उपयोग नाही, वसुली जिंकायला हवी. आणि लढाईत पलटण फार खर्ची पडली तर भांडवलच बुडाले. मोठ्या फौजा समोरासमोर येऊनही माणसे कमी पडत, याचे एक कारण मला यात दिसते. आपला घोडा जपणारा शिलेदार आणि आपली पलटण जपणारा कप्तान एकाच पद्धतीने विचार करत असणार.

अखेर बॉइडने आपला सारा सरंजाम, माणसे, तोफा, हत्ती यांच्यासह, फिलोस नावाच्या नेपल्सच्या सरदाराला विकून टाकला. याच आडनावाच्या मायकेल फिलोसने १७९७ च्या ३१ डिसेंबरला दौलतराव शिंद्यांच्या छावणीत नाना फडणविसांना कैद केले, आणि नानांना नगरच्या किल्ल्यात कोंडले गेले. खर्ड्याचा विजय ज्याने घडवला तो नगरच्याच किल्ल्यात कैदी झाला, या गोष्टीपाशी मी दर वेळी थांबतो. १८०३ च्या ऑगस्टमध्ये तो किल्ला आर्थर वेलस्लीने चार दिवसांत घेतला. स्वतःच्या पलटणी बाळगून दरबारांशी करार करण्याचे दिवस त्या पावसाळ्यात संपत आले होते.

१८०८ च्या सुरुवातीला बॉइड पॅरिसमध्ये आणि शरदात मायदेशी दिसतो. इंग्लंडशी युद्धाची चिन्हे होती, अमेरिका घाईघाईने फौज वाढवत होती, आणि लढाई पाहिलेले अधिकारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ७ ऑक्टोबर १८०८ रोजी त्रेचाळीस वर्षांचा हा गृहस्थ चौथ्या पायदळ रेजिमेंटचा कर्नल झाला. एकोणीस वर्षांपूर्वी जिन्याच्या तळाशी असलेला माणूस दख्खनचा वळसा घालून थेट वरच्या मजल्यावर पोचला.

तीन वर्षांनी तो इंडियाना मुलखात, टिपेकानू नदीकाठी उभा होता. शॉनी जमातीचा नेता टेकम्से आणि त्याचा भाऊ, ज्याला लोक पैगंबर म्हणत, यांनी अनेक जमाती एकत्र करून तिथे एक गाव वसवले होते. गव्हर्नर हॅरिसनची हजारेक माणसे त्या गावावर चालून गेली. त्यांत बॉइड दुसऱ्या क्रमांकाचा. ७ नोव्हेंबर १८११ च्या पहाटे, उजाडायच्या आधी, पैगंबराच्या लोकांनी छावणीवर हल्ला केला. शेकोट्यांच्या उजेडात शिपाई उठून दिसत होते, अंधारातून गोळ्या येत होत्या. खर्ड्याच्या त्या रात्रीची इथे आठवण येते, पण चौथी रेजिमेंट पळाली नाही. उजाडेपर्यंत रांगा टिकल्या, मग संगिनींचा हल्ला झाला. अमेरिकनांचे साठाहून अधिक ठार, सव्वाशे जखमी. दुसऱ्या दिवशी गाव जाळून टाकले. ते पाहिले की मला त्या जमातींचे दुःख जाणवते. मराठी सरदारांची एकी खर्ड्यानंतर फुटली आणि त्यांचीही एकी इथे जबर जखमी झाली. कोलंबस हिंदुस्थान शोधायला निघाला आणि वाटेत भलत्याच लोकांना इंडियन म्हणून बसला. त्या चुकीने जोडलेल्या दोन्ही जगांतल्या रणात उभा राहिलेला माणूस, असे बॉइडचे वर्णन केले तर ते अक्षरशः खरे आहे.

१८१२ मध्ये इंग्लंडशी युद्ध जाहीर झाले आणि २६ ऑगस्टला तो ब्रिगेडियर जनरल झाला. पुढच्या मे महिन्यात नायगाराजवळचा फोर्ट जॉर्ज घेण्यात त्याचा वाटा होता. मग ११ नोव्हेंबर १८१३. सेंट लॉरेन्स नदीवरून मॉन्ट्रियलकडे निघालेल्या अमेरिकन फौजेचा सेनापती विल्किन्सन आजारी होऊन नावेत पडलेला, त्याच्या खालचाही आजारी. हुकूम आला बॉइडवर. क्रिसलर नावाच्या शेतकऱ्याच्या शेतात मॉरिसनच्या नऊशेच्या आसपास इंग्रज-कॅनेडियन शिपायांवर त्याने दोन हजारांहून अधिक माणसे घातली आणि हरला. तुकड्या एकेक करून पुढे गेल्या, एकत्र कधी आल्याच नाहीत. शंभरावर माणसे ठार, दोनशेवर जखमी. मॉन्ट्रियलची मोहीम तिथेच आटोपली.

त्याच्याबरोबर लढलेल्या विनफिल्ड स्कॉटने पुढे त्याच्याविषयी कठोर लिहिले. दुसऱ्याच्या हाताखाली भला माणूस, पण सगळा भार अंगावर पडला की डळमळणारा आणि असह्य, असा त्याचा आशय. मी लढायांचा जाणकार नाही, पण मला हे पटते आणि त्याचे कारणही दिसते. बॉइड घडला तो शिलेदाराच्या शाळेत. तिथे पलटण आपली असते, ती कुठे घालायची आणि कुठे जपायची हे मालक ठरवतो, आणि वर दरबार बोलाचाली करून बरेचसे निस्तरतो. क्रिसलरच्या शेतात त्याच्या हाती सरकारी पागेतली घोडी होती. दुसऱ्यांनी उभ्या केलेल्या ब्रिगेडी, न ओळखीचे अधिकारी, आजारी सेनापतीचे अर्धवट हुकूम. दोन पिढ्यांपूर्वीच्या एखाद्या शिलेदाराला एकदम हुजुरातीचा सेनापती केले असते तर तोही असाच गोंधळला असता.

जून १८१५ मध्ये फौज कमी झाली आणि त्याची नोकरी संपली. दुसऱ्या वर्षी त्याने आपली बाजू मांडणारी कागदपत्रे छापली, आणि मग तो लंडनला गेला. कशासाठी? हिंदुस्थानातून निघालेला त्याचा सोऱ्याचा मोठा माल वाटेत इंग्रज जहाजाने पकडला होता. सोरा म्हणजे बंदुकीच्या दारूचा मुख्य घटक, आणि हिंदुस्थानातला सोरा तेव्हा जगभर जाई. आयुष्यभर दारू जाळणाऱ्या माणसाने तिचा कच्चा मालही विकायला घेतला होता. ज्यांच्याशी तो नुकताच लढला त्यांच्याच दारात तो भरपाई मागायला उभा राहिला. ३०,००० डॉलरचा पहिला हप्ता त्याला मिळाला. पुढचे हप्ते आले नाहीत.

१८३० मध्ये त्याला बोस्टन बंदरावर सरकारी अधिकाऱ्याची जागा मिळाली. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला तो बोस्टनमध्ये वारला.